वांगेसटीचा रोडगा

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा उजाडली, म्हणजे खंडोबा ज्यांचे कुलदैवत आहे अशा घरांतून देवघरात लगबग सुरू होते. देवांचे टाक धुऊन-पुसून लख्ख केले जातात, घट बसतो, नंदादीप तेवू लागतो आणि रोज एक याप्रमाणे माळा चढू लागतात. आश्विनात जसे देवीचे नवरात्र, तसे हे मल्हारी मार्तंडाचे षड्‌रात्र. सहाव्या दिवशी, शुद्ध षष्ठीला, घट उठतात. पंचांगात या तिथीला चंपाषष्ठी म्हणतात. परंतु घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडी तिचे नाव आहे वांगेसट.

हे नाव कोठून आले, हे चातुर्मास पाळणाऱ्या घरांना सांगावयास नको. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदा, लसूण आणि वांगे यांना स्वयंपाकघरातून निरोप दिला जातो. पुढे कार्तिकी एकादशी होते, तुळशीचे लग्न लागते. तरीही खंडोबाच्या घरी वांगे चिरले जात नाही. नवे वांगे प्रथम देवाला आणि मग आपल्याला, असा हा रिवाज. षष्ठीला वांग्याचे भरीत, पातीचा कांदा, ओला लसूण, सडलेल्या धान्याचा ठोंबरा आणि बाजरीचे रोडगे असा नैवेद्य मल्हारीपुढे येतो आणि मगच घरच्या पंगतीत वांगे वाढले जाते.

या नैवेद्याकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आणि त्यातही त्या ओबडधोबड रोडग्याकडे. कारण भरीत गॅसवर होते, ठोंबरा कुकरात शिजतो; पण रोडगा भाजावयाचा कोठे, हा प्रश्न आज घरोघरच्या अन्नपूर्णांपुढे उभा आहे.

अवताराची कथा आणि साधे ताट

षष्ठीची कथा आपण सारे जाणतोच. मणी आणि मल्ल या दैत्यांनी ऋषींचे आश्रम उद्ध्वस्त केले. ऋषी इंद्राकडे गेले, विष्णूकडे गेले आणि अखेर शंकराला शरण आले. शंकराने मार्तंडभैरवाचे रूप घेतले, सहा दिवस युद्ध झाले आणि षष्ठीला दैत्यांचा निःपात झाला. देवांनी चंपकपुष्पांची वृष्टी केली, म्हणून ही चंपाषष्ठी. मणीला अंतकाळी सुबुद्धी झाली, त्याने क्षमा मागितली आणि देवाने त्याला आपल्यापाशी स्थान दिले. शत्रूलाही पदरात घेणारा असा हा देव आहे.

या विजयाच्या दिवशी देवापुढे पक्वान्नांचे ताट यावे, असे कोणालाही वाटेल. पण येतो तो रोडगा. आम्हांस यात मोठा अर्थ दिसतो. खंडोबा होळकरांसारख्या राजघराण्याचा, तसाच रानात मेंढ्या राखणाऱ्या धनगराचाही. आपल्या नाशिक जिल्ह्यातले मालेगावजवळचे चंदनपुरी हे तर बाणाईचे गाव. ती धनगराची लेक देवाची राणी झाली. रानात फिरणाऱ्या माणसापाशी परात नसते, पोळपाट नसतो, कित्येकदा तवाही नसतो. पीठ, पाणी, चिमूटभर मीठ आणि विस्तव एवढ्यावर जे अन्न होते, ते म्हणजे रोडगा. ज्याच्यापाशी काही नाही त्यालाही करता यावा, असाच नैवेद्य या देवाने पसंत केला आहे.

रोडगा केवळ खंडोबाचाच नव्हे. गोदाकाठापासून खानदेश-वऱ्हाडापर्यंत गव्हाच्या जाडसर पिठाचे रोडगे करून मारुतीला, म्हसोबाला, देवीला नवस फेडण्याची चाल आहे. सोळाव्या शतकात होऊन गेलेल्या एकनाथ महाराजांच्या एका प्रसिद्ध भारुडात भवानीला रोडगा वाहण्याचा नवस आहे. म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळ हा शब्द आणि हा पदार्थ मराठी देव्हाऱ्यात ठाण मांडून बसलेला आहे. खानदेशातली बट्टी, राजस्थानातली बाटी, माळव्यातला बाफला, बिहारातली लिट्टी ही सारी याचीच भावंडे.

सिन्नरचे घर

आमचे मूळ घर सिन्नरचे. यादवांच्या आरंभीच्या वैभवाचे हे नगर. आज नाशिक-पुणे रस्त्यावरून शिर्डीकडे वळणाऱ्या भाविकांना ते ठाऊक असते. गावातले गोंदेश्वराचे देऊळ काळ्या दगडात बांधलेले शैव पंचायतन आहे. मध्ये महादेव आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती व सूर्य. लहानपणी षष्ठीच्या सकाळी वडील आम्हाला तेथे नेत आणि सूर्याच्या लहानशा देवळापुढे उभे करून सांगत, “मार्तंड म्हणजे सूर्य. आज शंकराला नमस्कार केलात, तसाच यालाही करा. आपला खंडोबा या दोघांचा आहे.” हळदीचा पिवळाधमक भंडारा कपाळी लावताना त्या बोलण्याची आठवण आजही होते.

सिन्नर तालुक्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेतला. पाऊस बेभरवशाचा, म्हणून बाजरी हेच तेथले भरवशाचे पीक. खरिपाची बाजरी खळ्यावरून घरी आलेली असावी, थंडी पडू लागलेली असावी, बांधावरच्या वाफ्यात वांगी आणि लसणाची पात तरारलेली असावी आणि नेमकी त्याच वेळी वांगेसट यावी. देवाचे ताट त्या त्या भूमीतूनच उगवते, ते असे.

आमच्या थोरल्या काकूंच्या हातचे रोडगे हा त्या दिवसाचा खरा सोहळा असे. आदल्या दिवशी बाजरी जात्यावर दळली जाई. कारण बाजरीच्या दाण्यात तेलाचा अंश अधिक, त्यामुळे तिचे पीठ फार दिवस राहत नाही, कडवट होते. परसात गोवऱ्या रचून पेटविल्या जात. काकू कधी घाई करीत नसत. ज्वाळा विझावी, धूर सरावा, निखाऱ्यांवर पांढरी राखेची साय धरावी, तोवर त्या काठवटीत कढत पाण्याने पीठ मळीत बसत. मग तळहाताएवढे जाड रोडगे थापून त्या गरम राखेत, म्हणजे फुफाट्यात, पुरले जात. आगीतून निघून फुफाट्यात पडणे ही आपल्या भाषेत आपत्तीची खूण. पण रोडग्याला मात्र फुफाट्यातच मोक्ष! ज्वाळेवर तो करपतो, आतून कच्चा राहतो. राखेच्या मंद, सर्व बाजूंनी येणाऱ्या उष्णतेत त्याच्यातले पाणी वाफ होऊन आतच कोंडते आणि वरून खरपूस, आतून मऊ असा तो सिद्ध होतो. अर्ध्या-पाऊण तासाने काकू तो काढीत, फडक्याने राख झटकीत, दोन्ही हातांनी मोडीत आणि त्या भेगेत तुपाची धार सोडीत. त्याच विस्तवात भाजलेल्या वांग्याचा, ओव्याचा आणि तुपाचा मिळून जो गंध वाड्यात दरवळे, तो आला की मुले बोलावण्याची वाट न पाहता देवघराच्या उंबऱ्याशी येऊन बसत.

विकतचे रोडगे

पुढे वाडा उतरला. त्या जागी इमारत उभी राहिली आणि काकू तिसऱ्या मजल्यावर राहावयास गेल्या. परस गेले, चूल गेली, गोवऱ्या ठेवावयास जागा उरली नाही. यात कोणाचा दोष नाही. चुलीच्या धुराने आपल्या आयाबहिणींचे डोळे आणि छाती किती पिचली, हे आम्ही पाहिले आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी घरी गॅस पोहोचला, याचा आम्हांला आनंदच आहे. पण चुलीबरोबर तिच्यावरचे जे जे होते, तेही हळूहळू निघून जाते, हे लक्षात यावयास वेळ लागतो.

एका वर्षी षष्ठीला आम्ही नेहमीप्रमाणे सिन्नरला गेलो. ताट सुरेख वाढलेले होते. भरीत होते, पात होती, ठोंबरा होता. पाच रोडगेही होते. पण ते एका खाणावळीतून मागविलेले. नातू मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, नातसून शाळेत शिक्षिका. दोघांनी धावपळ करून सारे जमविले होते. तळी भरली. ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, खोबरे, भंडारा ठेवून पाच जणांनी ती उचलली. “सदानंदाचा येळकोट” झाला. कशात काही उणे नव्हते.

जेवणे झाल्यावर काकू खिडकीशी बसल्या होत्या. आम्ही जवळ जाऊन म्हटले, “काकू, छान झाली षष्ठी.”

“झाली की,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, कोणालाही उद्देशून नव्हे अशा स्वरात बोलल्या, “देवाला पोचलं रे बाबा. पण घराला वास नाही लागला.”

नातसून दाराशी उभी होती. तिने ते ऐकले. ती काही बोलली नाही. पण तिच्या चेहऱ्यावरून आम्हांला कळले की हे वाक्य तिने मनाला लावून घेतले आहे. खरे सांगावयाचे तर त्या दिवशी तिच्याइतके कष्ट कोणीच केले नव्हते आणि तिच्याच पदरात ते वाक्य पडले.

परदेशातली चुलीची भाकरी

पुढच्या वर्षी मार्गशीर्ष लागण्यापूर्वी आम्ही सिन्नरला गेलो असता नातसुनेने आमच्यापुढे बशी ठेवली. तीत पावासारखा मऊ, बोटभर जाड, चौकोनी तुकडा होता. वर तेलाची चकाकी आणि जागोजाग बोटे रुतवून केलेल्या खळ्या. “मुलांसाठी ओव्हनमध्ये केला,” ती म्हणाली. “इटलीत याला फोकाच्चा म्हणतात.”

आम्ही कुतूहलाने चौकशी केली. हा पदार्थ मुख्यतः जेनोआ शहराचा आणि त्याभोवतीच्या लिगुरिया प्रांताचा. मैदा, पाणी, मीठ, खमीर आणि सढळ हाताने ऑलिव्ह तेल एवढेच त्याचे साहित्य. पीठ सैलसर भिजवून दोनदा फुगू देतात, ताटात पसरतात, बोटांनी खळ्या पाडतात म्हणजे तेल आणि मीठ त्यांत ठरते, आणि मग कडक तापलेल्या भट्टीत भाजतात. कोणी वर रोझमेरीची सुगंधी पाने पेरतात, कोणी कांदा. जेनोआत लोक सकाळी तो दूध घातलेल्या कॉफीत बुडवूनही खातात. आपण चहात बुडवून खारी खातो, त्यातलाच प्रकार. व्हेनिसच्या प्रांतात त्याच नावाची गोड भाकरी ईस्टरच्या सणाला करतात. म्हणजे तेथेही तिचे नाते सणाशी आहेच.

पण आम्हांला खरी मौज वाटली ती नावाची. लॅटिन भाषेत ‘फोकुस’ म्हणजे घरातली चूल, विस्तवाची जागा. तिच्यावरून हा शब्द आला. फोकाच्चा म्हणजे चुलीची भाकरी, प्राचीन काळी चुलीच्या राखेत भाजलेली. फ्रान्समधली फुगास आणि बाल्कन देशांतली पोगाचा ही याच शब्दाची लेकरे. ते ऐकताच काकू हसल्या. “अगं, मग हा रोडगाच की! परमुलखात गेला, मैदा खाऊन गोरा झाला, एवढंच.”

नातसून ज्यासाठी एवढा वेळ थांबली होती, तो प्रश्न तिने तेव्हा विचारला. “आजी, मग यंदा आपले रोडगे मी ओव्हनमध्ये भाजू का?”

काकूंचा प्रश्न

काकूंचे हसू मावळले. त्यांनी विचारले, “त्यात कधी अंडं गेलंय का?”

नातसून क्षणभर थांबली. खोटे बोलणे सोपे होते. घरात कोणाला कळलेही नसते. पण ती म्हणाली, “हो आजी. मुलांच्या वाढदिवसाचा केक केला होता.”

काकू काही बोलल्या नाहीत. त्या रात्री विषय तेथेच थांबला. असे प्रसंग आज अनेक घरी येतात. नव्या माणसांना वाटते, जुनी माणसे हट्टी आहेत. जुन्यांना वाटते, नव्यांना सोवळ्याची चाड नाही. पुष्कळ घरी मग विषय पुन्हा निघतच नाही, आणि दोन-चार वर्षांत कुळाचारही निघून जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून काकू बाहेर आल्या आणि त्यांनी नातसुनेला जवळ बसविले. त्या म्हणाल्या, “तू खरं सांगितलंस, म्हणून मी विचार केला. भांडं विटाळलं तर आपण ते फेकून देतो का? राखेनं घासतो, विस्तवाला दाखवतो. तुझी ती पेटीही लोखंडाचीच आहे. स्वच्छ धू, राखेनं पूस, अर्धा तास रिकामी तापव. रोडग्याचं ताट मात्र नवं आण. आणि देवाचे पाच रोडगे मी सांगते तसे होतील.”

“आणि आजी, यापुढं त्यात अंडं जाणार नाही. केक बिनअंड्याचाही होतो,” नातसून म्हणाली. हे तिला कोणी सांगितले नव्हते.

आचारधर्मात धातूच्या भांड्यांची शुद्धी भस्माने आणि अग्नीने सांगितली आहे. काकूंनी कोणताही ग्रंथ उघडला नव्हता. पण घराण्याची रीत त्यांच्या हातात होती आणि ती पुढे कशी द्यावी, याचा विवेकही होता. नाशिकच्या कितीतरी घरांत जुन्या पिढीने पूर्वीही असेच मार्ग काढले आहेत. दिवाळीत नानकटाईचे ताट घरचे तूप, घरचे पीठ घालून गल्लीतल्या बेकरीत भाजून आणण्याची चाल आपल्या आज्यांनीच पाडली होती. भट्टी दुसऱ्याची असली, तरी त्यातली वस्तू आपली, असे त्या मानीत.

रोडगा कसा करावा

काकूंनी सांगितलेली आणि नातसुनेने दोन-तीनदा करून पारखलेली कृती आमच्या वाचक भगिनींसाठी येथे देत आहोत. निव्वळ बाजरीचा रोडगा उकरड्या विस्तवात उत्तम होतो. ओव्हनच्या कोरड्या उष्णतेत मात्र तो तडकतो आणि टणक होतो. बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, हे त्याचे कारण. म्हणून थोडी कणीक मिसळावी.

ताजे दळलेले बाजरीचे पीठ दोन वाट्या, गव्हाचे जाडसर पीठ एक वाटी, चवीपुरते मीठ, हाताने चुरडलेला ओवा एक चमचा आणि तीळ दोन चमचे एकत्र करावे. पाव वाटी तूप कडकडीत तापवून मोहन घालावे आणि पीठ दोन्ही हातांनी चोळावे. मूठ वळली की मोहन पुरेसे झाले असे समजावे. पातीचा कांदा आणि ओल्या लसणाची पात बारीक चिरून मिळून अर्धी वाटी घालावी; नैवेद्यात दोन्ही असतातच, आणि रोडग्याला त्यांचा मोठा स्वाद येतो. मग सव्वा वाटीच्या सुमारास कढत पाणी थोडे थोडे घालीत पीठ मळावे. पाणी कढतच हवे. त्याने बाजरीचे पीठ आवळून येते आणि रोडगा फुटत नाही. गोळा ओल्या फडक्याखाली वीस मिनिटे झाकून ठेवावा.

त्याचे आठ गोळे करून तळहाताएवढे, बोटभर जाडीचे रोडगे थापावेत. प्रत्येकावर बोटांनी चार-पाच खळ्या पाडून त्यांत तूप सोडावे. ही युक्ती नातसुनेने परदेशी भाकरीवरून घेतली. तुपाने वरचा पापुद्रा कोरडा पडत नाही. ओव्हन दोनशे अंशांवर पंधरा मिनिटे आधी तापवून घ्यावा. खालच्या कप्प्यात पाण्याची लहान वाटी ठेवावी. तिच्या वाफेने रोडगा मऊ राहतो. प्रथम पंधरा मिनिटे भाजून रोडगे उलटावेत, पाण्याची वाटी काढून घ्यावी आणि उष्णता एकशे सत्तर अंशांवर आणून आणखी पंधरा ते वीस मिनिटे भाजावे. बोटाने टिचकी मारली असता पोकळ आवाज आला, म्हणजे झाले. बाहेर काढताच सुती कापडात गुंडाळून टोपलीत दहा मिनिटे ठेवावेत, मग मोडून तुपाची धार सोडावी.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही, त्यांनी जाड बुडाच्या जुन्या लोखंडी कढईत बोटभर वाळू किंवा जाडे मीठ पसरून, त्यावर लहान तिवई ठेवून झाकण घालावे. दहा मिनिटे ती तापू द्यावी, मग रोडग्याचे ताट तिवईवर ठेवून मंद आचेवर पाऊण तास भाजावे, मधे एकदा उलटावे. हीही घरची भट्टीच होय.

एक सावधगिरी मात्र जरूर बाळगावी. हौसेने कोणी गॅलरीत किंवा बंद खोलीत गोवऱ्या अथवा कोळसे पेटवू नयेत. धुमसणाऱ्या विस्तवातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो आणि तो प्राणघातक असतो. विस्तव पेटवावयाचा तर उघड्या रानात, मोकळ्या हवेतच पेटवावा.

ती षष्ठी

षष्ठीच्या पहाटे काकू नातवासह गावाबाहेरच्या आपल्या शेतावर गेल्या. ऐंशी उलटलेल्या त्या माउलीने बांधाशी गोवऱ्या रचविल्या, विस्तवाला हळदकुंकू वाहिले आणि देवाचे पाच रोडगे स्वतः फुफाट्यात पुरले. त्याच विस्तवात भरताची वांगी भाजली. इकडे घरी नातसुनेने सोवळ्याने पीठ मळले आणि पंगतीचे रोडगे नव्या ताटात मांडून ओव्हनमध्ये सरकविले.

काकू परतल्या तेव्हा आम्ही जिन्यातच होतो. दुसऱ्या मजल्यावर येताच त्या थांबल्या. धाप लागली असेल म्हणून आम्ही हात पुढे केला. त्यांनी तो बाजूस सारला. वरून ओव्याचा, लसणीच्या पातीचा आणि तापल्या तुपाचा वास येत होता. खालच्या बिऱ्हाडातली दोन मुले दार उघडून जिन्यात आली होती आणि वर पाहत होती.

“लागला,” काकू एवढेच म्हणाल्या आणि उरलेला जिना चढू लागल्या.

तळी भरली. दिवटी पाजळली. पाच जणांनी ताम्हन उचलून तीनदा येळकोट केला, भंडारा उधळला, खोबरे वाटले. देवापुढे फुफाट्यातले पाच रोडगे ठेवले होते आणि त्यांच्या शेजारी, काकूंनी स्वतःच्या हाताने ठेवलेला, ओव्हनमधला सहावा. नैवेद्य दाखवून झाल्यावर एक भाग गाईचा निघाला आणि एक भाग कुत्र्याचा. कारण श्वान हा खंडेरायाचा सोबती, त्याला विन्मुख ठेवून षष्ठी पुरी होत नाही. जिन्यातली ती दोन मुलेही पंगतीला बसली.

जेवताना काकूंनी ओव्हनमधला रोडगा मोडला, तूप घातले, चव घेतली आणि म्हणाल्या, “राखेची चव नाही याला.” नातसुनेचा घास हातातच राहिला. काकू पुढे म्हणाल्या, “पण हाताची आहे.”

अखेरचे दोन शब्द

या गोष्टीतून आम्ही जे समजलो, ते वाचकांपुढे ठेवून हा लेख संपवितो. देव भावाचा भुकेला आहे, हे आपण वारंवार म्हणतो, आणि ते खरेच आहे. विकतच्या रोडग्याचा नैवेद्य देवाने नाकारला असेल, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. ज्यांना वेळ नाही, बळ नाही, त्यांनी तो तसाही अर्पण करावा. परंतु कुळाचार केवळ देवासाठी नसतो, तो घरासाठीही असतो. पीठ मळणारा हात, भाजणाऱ्याची वाट पाहणे, दरवळ येताच उंबऱ्याशी जमणारी मुले, या सर्वांचे मिळून घर होते. चूल बदलली म्हणून कुळाचार मोडत नाही. तो मोडतो आपण भाजणेच सोडून देतो तेव्हा. किंवा एकमेकांना विचारणे सोडून देतो तेव्हा.

भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि जगाला बाजरीची थोरवी कळली. खंडेरायाच्या ताटात ती पिढ्यान्‌पिढ्या मानाने बसलेली आहे. ओझरची यात्रा असो, देवळालीची टेकडी असो, चंदनपुरी असो की जेजुरीचा सोन्याचा गड. मार्गशीर्षात जेथे जेथे भंडारा उधळला जातो, तेथे तेथे एखाद्या घरी रोडगा भाजला जात असतो. यंदा तो आपल्याही घरी भाजला जावो. घरातल्या थोरल्या बाईला पीठ मळताना जवळ बसवावे, तिने सांगावे, धाकटीने करावे आणि मुलांनी वास घ्यावा.

मल्हारी मार्तंड सर्वांच्या घरी धान्याची रास आणि चुलीला विस्तव देवो.

येळकोट येळकोट जय मल्हार!